झाकण उघडल्याची नोंद

९ जानेवारी

धाकट्या,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट न फोडता टाकून देऊ नकोस, आत भांडण नाही. नऊ वर्षांनी तुला लिहितोय ते एवढंच सांगायला की तू जिंकलास. हे वाक्य हवं तर दोनदा वाच, कारण मी ते परत लिहिणार नाही.

तुझ्या वहिनीला ऐकू यायला लागलं.

यंत्र तुमच्या कंपनीचं, त्याची माहितीपत्रकं तू तिला मला चोरून पाठवत होतास, आणि डॉक्टरीणबाईंचं नावही तूच सुचवलंस, हे मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं. दीर-भावजयीने मिळून मला छान मामा बनवलंत. रागावणार होतो, पण तिला घेऊन जायची घाई होती, राहून गेलं.

यंत्राचा एक भाग कानामागे हाडात बसवलाय आणि दुसरा बाहेरून लावायचा, अंगठ्याच्या पेराएवढा. बाहेरचा ऐकतो आणि आतल्याला सांगतो. बाईंनी आम्हाला समोर बसवून बजावलं, की आतला भाग हा एकदाच. तिचं हृदय बघता दुसऱ्यांदा भूल द्यायला कोणी धजणार नाही. त्यामुळे बाहेरचा भाग जिवापाड जपा.

पहिल्या दिवशी तिला नुसता खरखराट ऐकू आला आणि ती रडली. आठवड्याने शब्द सुटे व्हायला लागले. माझा आवाज सहा वर्षांनी ऐकून पहिलं काय म्हणाली असेल? "अहो, तुम्ही किती घोगरे झालात!" म्हटलं, बाई, सहा वर्षं ओरडून बोलतोय तुझ्याशी, आणखी काय होणार?

एक अडचण मात्र झालीय. काम करताना मी पुटपुटतो, स्क्रूंना शिव्या घालतो, ते तुला माहीत आहे. आपलं दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, पण सहा वर्षं कोणी ऐकणारं नव्हतं, त्यामुळे जीभ फार सैल सुटली होती. आता आतून आवाज येतो, "भाषा सांभाळा!" परवा एका पंख्याला मी 'आपण' म्हणालो.

दुकान सोडून गेलास तेव्हा तू म्हणाला होतास, "दादा, पुढच्या वस्तूंना स्क्रूच नसणार. तू काय उघडणार?" आणि मी म्हणालो होतो, ज्याला स्क्रू नाही ते माझ्या दारात आणू नकोस, आणि तूही येऊ नकोस. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य मी मागे घेतो. दुसऱ्याचं काय करायचं ते तू ठरव.

पत्रच लिहीन. फोनवर मी भांडतो.

तुझा दादा


२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी भाऊ पत्र लिहितो आणि त्यात दोन ओळी, त्याही यंत्र पाण्यापासून जपा अशा. त्यापेक्षा डब्यातल्या सूचना जास्त मायेने लिहिल्या होत्या. तरी पत्र वहिनीने तिच्या उशीखाली ठेवलंय.

तक्रार करत नाही, फक्त विचारतो. तिचा जुना फोन या यंत्राला पसंत नव्हता, म्हणून नवा घेतला. ठीक. मग एका सकाळी यंत्राने रात्रीतून स्वतःच स्वतःला सुधारलं. ती उठून बाहेर आली आणि म्हणाली, सगळे बादलीत तोंड घालून बोलताहेत. दोन दिवस तिला माझा आवाज ओळखू येईना. मी दुकानातून हाक मारली की ती पदर सावरून बाहेर यायची, गिऱ्हाईक आलंय असं समजून. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आमच्या.

बाईंकडे गेलो. म्हटलं, कालचं होतं ते परत आणा. त्या म्हणाल्या, मागे जायची सोय नाही, पुढेच जाता येतं. मी विचारलं, हे ठरवलं कोणी? त्यांनी बोट वर केलं. मी हात जोडणार होतो, तर म्हणाल्या, "कंपनीने हो."

सुधारणेआधी फोनवर एक्केचाळीस पानांचा मजकूर आला होता. मी सही करण्याआधी वाचणारा माणूस. अकराव्या पानापर्यंत गेलो आणि खाली बघितलं तर दोनच बटणं, 'मान्य आहे' आणि 'नंतर आठवण करा'. 'नाही' कुठे ठेवलंय ते शोधण्यात माझी एक सकाळ गेली. सापडलं तर कळव. शेवटी 'मान्य आहे' दाबलं आणि दाबताना लाज वाटली.

आणि हे तारे कशाला? जेवताना मध्येच तिच्या कानात घंटी वाजते आणि यंत्रातली बाई गोड आवाजात विचारते, आमच्या सेवेला किती तारे द्याल? तुझ्या वहिनीने पाच दिले. मी म्हटलं, पाच कशाला, आवाज तर बादलीतला येतोय. ती दबक्या आवाजात म्हणाली, "कमी दिले आणि रागावलं तर?"

ही बाई आपल्या आईला घाबरली नव्हती, तुला आठवतं ना?

दादा


१७ जून

धाकट्या,

तुमच्या कंपनीचं पत्र आलं. सुरुवात 'अभिनंदन'ने होती, म्हणून मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. तुमची कंपनी आता दुसऱ्या कंपनीने घेतली आहे, आणि 'आपल्या मॉडेलचा प्रवास आनंदाने पूर्ण झाला आहे'. मी वाचता वाचता थांबलो. तिने विचारलं, "कोणाचा प्रवास?" मी म्हटलं, जाहिरात आहे.

पाच महिने झालेत रे. माझ्या फळीवर तीस वर्षांचे पंखे आहेत, त्यांचा प्रवास पूर्ण झाल्याचं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

दुरुस्ती केंद्राच्या पत्त्यावर गेलो. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. पोरगी भली होती, म्हणाली, कानाचं माहीत नाही काका, डोळे फुकट तपासून देते. मी तपासून घेतले. एवढ्या लांब गेलो होतो, निदान काहीतरी तपासून यावं.

मग मदतीचा नंबर लावला. यंत्रच बोलतं. "आपली अडचण एका शब्दात सांगा." मी म्हटलं, बायको. "माफ करा, समजलं नाही." मी म्हटलं, कान. तर त्याने मला गाणी ऐकायच्या वस्तूंकडे पाठवलं. पाऊण तास मी त्याच्याशी बोलत होतो, शेवटी त्याला 'आपण' म्हणायला लागलो. ते मात्र जराही हललं नाही.

आता खरं कारण लिहितो. यंत्र अडखळायला लागलंय. तिला घाम आला की आवाज तुटतो, वाक्याच्या मध्येच जातो आणि दोन शब्द सोडून परत येतो. ती आता पुन्हा तशीच मान हलवायला लागली आहे, न ऐकता, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. ती मान मी सहा वर्षं बघितली आहे. मला ती पुन्हा बघायची नाही.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागतो. बाहेरचा तेवढा भाग मिळव. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा तिच्या आतल्या भागाशी जुळत नाही, बाईंना विचारलंय. हे गेलं की सगळंच गेलं.

दादा


१ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गोदामात या मॉडेलची शेवटची सहा यंत्रं आहेत, जुनं अखंड परत दिलं तर त्यातलं एक बदलून मिळेल, तू अर्ज पुढे सरकवला आहेस, दोन महिने लागतील. समजलं. वहिनीलाही वाचून दाखवलं. तिने 'भाऊजी' म्हणून डोळे पुसले. मी पुसले नाहीत, पण दुकानात जाऊन बसलो.

शेवटी तू लिहिलंस, "दादा, काहीही कर, फक्त उघडू नकोस."

हे लिहायची गरज होती का? तू मला ओळखतोस म्हणून लिहिलंस, हे कळतं. बाबांनी आपल्याला एकच शिकवलं, आधी उघडायचं, मग बोलायचं. दोष काय आहे ते मला बाहेरूनच कळलंय, घामाने एक टोक गंजलंय, बास. पाच मिनिटांचं काम. पण नाही उघडणार. शब्द देतो.

दोन महिने म्हणजे साठ दिवस ना? फक्त कामाचे दिवस मोजून नव्हे ना? ते कळव.

दादा


१२ जुलै

धाकट्या,

वाईट बातमी आहे. यंत्र बंद पडलं, आपोआप.

परवा दुपारी ती झोपली होती, नेहमीप्रमाणे काढून टेबलावर ठेवलं होतं. उठून लावलं तर लाल दिवा. पाणी लागलं नव्हतं. पडलं नव्हतं. कोणी हात लावला नव्हता. बाहेरून बघितलं तर ओरखडाही नाही. आपोआपच गेलं असणार, या वस्तूंचं काय सांगावं.

आता बंद असलं तरी अखंड आहे, त्यामुळे बदलून मिळायला अडचण नसावी. डब्यात घालून आजच तुझ्या पत्त्यावर पाठवतो. लवकर बघ.

मागच्या आठवड्यात एक ट्रक गल्लीत मागे मागे येत होता आणि ती त्याच्या वाटेत उभी होती, पाठमोरी. भोंगा वाजत होता. शेजारच्या शिंप्याने कोपराला धरून ओढलं तिला. नाहीतर काय झालं असतं ते लिहीत नाही. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

दादा


२६ जुलै

धाकट्या,

तू एकच ओळ पाठवलीस. 'दहा जुलै, दुपारी दोन वाजून एकोणीस मिनिटे, झाकण उघडल्याची नोंद.' खाली तुझी सहीसुद्धा नाही.

म्हणजे ते लिहून ठेवत होतं. उघडणाऱ्याची चहाडी करायची तरतूद त्या पेराएवढ्या वस्तूत आहे, आणि घाम आत जाऊ नये याची नाही.

हो, मी उघडलं. मी शब्द मोडला, आणि वर तुला खोटं लिहिलं. सख्ख्या भावाला. ट्रकच्या त्या दिवसापासून मी दुकानात बसू शकत नव्हतो. ती भाजी आणायला निघाली की मी मागे मागे जायचो, ती चिडायची. साठ दिवस असेच काढायचे होते आणि दहाही निघाले नाहीत.

ती झोपलेली होती, भिंतीकडे तोंड करून. ऐकू येत नाही, त्यामुळे आवाजाची भीती नव्हती. मी टेबल खिडकीशी ओढलं. स्क्रू नाहीच, तू म्हणाला होतास तसं. कडेने चिकटवलेलं. गरम हवेने सैल केलं आणि पातळ पात्याने एका बाजूने सोडवलं. आत मला वाटलं होतं तेच. एका टोकावर हिरवट बुरशी, मोहरीच्या निम्मी. ती घासून काढली, टोक पुसलं, कथलाने झाळलं. माझे हात आता कापतात, तुला माहीत नाही. त्या दिवशी कापले नाहीत. धाकट्या, फुशारकी नाही, पण चाळीस वर्षांत इतकं नेटकं काम मी केलेलं नाही.

झाकण बसवलं आणि हिरवा दिवा लागला. फोन शेजारीच होता. मी यंत्राजवळ तोंड नेऊन म्हटलं, "ऐकतेस का?" आणि फोनवरच्या आवाजाच्या रेषा हलल्या. एकदम स्वच्छ, कुठे तुटत नव्हत्या. मी दोनदा म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी तिला उठवायला वळलो.

परत बघितलं तर दिवा लाल. फोनवर आलं, 'या यंत्राची अखंडता भंगली आहे. आपल्या सुरक्षिततेसाठी ते कायमचे बंद करण्यात आले आहे.'

आपल्या सुरक्षिततेसाठी. मी ते मोठ्याने वाचलं, शिवी घातली, आणि आतून कोणी भाषेबद्दल काही म्हणालं नाही.

ती उठली, यंत्र कानामागे लावलं, बोटाने टिचकी मारली, परत मारली. म्हणाली, "गेलं वाटतं." मी खांदे उडवले. चक्क उडवले. तिने उलट माझ्याच पाठीवर हात ठेवला, म्हणाली भाऊजी पाठवणार आहेत ना नवं.

तुला माझी लाज वाटत असेल तर वाटू दे. पण त्या सहातलं एक तिला मिळव. नियम माझ्यावर लाव, मी कुठेही येऊन लिहून देतो की चूक माझी आहे. उघडलं मी, कान तिचे आहेत.

दादा


४ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र कालच आलं, या वेळी चार पानं. तू तीन साहेबांकडे गेलास, तिसऱ्याने तुला विचारलं की ही बाई तुमची कोण, आणि तू म्हणालास, आई. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. तिने तुला सातव्या वर्षापासून वाढवलं, त्यामुळे खोटं नाही बोललास.

पण उघडलेल्या यंत्रावर बदली नाही, आणि सहाही गेली. तू लिहितोस, "दादा, माझ्या हातात काही नाही." मला वाटायचं तू त्या लोकांपैकी झालास, तुझ्या हातात काहीतरी असेल. म्हणून इतकी वर्षं रागावता तरी आलं. आता तेही जमणार नाही.

डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आलो. नव्या कंपनीचा नवा भाग आहे, फार उत्तम आहे म्हणे, पण त्याला आतलाही नवाच लागतो. हृदयाचा कागद त्यांनी पुन्हा बघितला आणि पुन्हा नाही म्हणाल्या. बाहेर पडताना त्यांनी माझा हात धरला. डॉक्टर हात धरायला लागले की आपण समजून जावं.

तुला लिहिलं, बाईंना सांगितलं, शिंप्यालाही सांगून झालं. तिला मात्र सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ते आपोआप गेलं आणि भाऊजी खटपट करताहेत. रोज पोस्टमन आला की दारात जायची. काल तुझं पत्र माझ्या खिशात होतं आणि ती कपड्यांच्या घड्या करत बसली होती. मी मागे उभा राहिलो आणि सगळं बोललो. ट्रकपासून लाल दिव्यापर्यंत, सगळं, एकही शब्द न गाळता. ती घड्या करत राहिली. सांगून झालं असं धरायला मन तयार होतं, काय सांगू तुला, हलकंसुद्धा वाटलं.

मग ती वळली आणि माझं तोंड हलताना तिने बघितलं. आता ती फार मोठ्याने बोलते, स्वतःचा आवाज कळत नाही ना. म्हणाली, "काय म्हणताय? लिहा." आणि दुकानातली वही माझ्यापुढे ठेवली.

मी लिहिलं, 'यंत्र मी उघडलं म्हणून बंद पडलं. नवं मिळणार नाही.' दोन ओळी. त्यांना अर्धा तास लागला.

तिने वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग इतक्या मोठ्याने म्हणाली की शिंप्याचं मशीन थांबलं, "मला माहीत आहे हो. जागी होते मी."

मी पेन खाली ठेवलं.

"टेबल ओढलंत, तेव्हा जमीन हादरली. डोळे किलकिले करून बघत होते. तुम्ही उघडलंत म्हणजे होणारच, असं वाटलं. म्हणून हलले नाही. हलले असते तर तुमचा हात चुकला असता."

दोन महिने, धाकट्या. दोन महिने ती हे मनात ठेवून माझ्या पाठीवर हात फिरवत होती, आणि पोस्टमनची वाट बघण्याचं सोंग करत होती. की खरंच बघत होती, कोण जाणे. मी विचारलं नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, नेहमी गिऱ्हाइकाच्या वस्तूबद्दल विचारते तसं, "काय निघालं होतं त्यात?"

मी लिहिलं, 'एक टोक गंजलं होतं. ते नीट केलं. आता त्यात काही दोष नाही.'

तिने वही जवळ ओढली. ओळीवरून बोट फिरवत वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मग मला ऐकू का येत नाही?"

वही माझ्यासमोर उघडीच आहे. कालपासून मी उत्तर लिहायला बसतोय आणि तुलाच पत्र लिहून उठतोय. तू त्यांच्यात काम करतोस, तुला ते सांगता येत असेल. आलं तर लिही. माझ्या नावाने पाठवू नकोस, तिच्या नावाने पाठव.

दादा